मोठ्या जाऊबाईंचं फारिन

आमच्या मोठ्या जाऊबाईंनी जन्मात एक गोष्ट निवांत केली नाही, आणि ज्या वर्षी त्यांनी निवांत बसायचं ठरवलं त्या वर्षी साऱ्या किन्हीराजा गावाला धाप लागली. घरातले, दारातले, गावातले सगळे त्यांना ‘बाई’ म्हणत. बाई चालत नसत, सुटत असत. तव्यावरची भाकर एका अंगानं भाजेपर्यंत त्या गोठ्यात जाऊन म्हशीला चार शब्द सुनावून परत येत. कुणाच्या लग्नाला गेल्या की अक्षता पडायच्या आत पत्रावळी मांडायला लागत. नवरीकडचे समजत ही नवरदेवाकडची, नवरदेवाकडचे समजत ही नवरीकडची, आणि दोन्हीकडचे त्यांना घाबरून वागत. एस.टी.नं जायचं असलं तर गाडीच्या तासभर आधी थांब्यावर हजर, आणि गाडी वेळेवर आली तरी ड्रायव्हरला विचारणार, “एवढा उशीर काहून केला रे बावा?” एकदा त्यांना ताप आला. डॉक्टरांनी तीन दिवस पडून राहायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर बाई अंगणात शेणाचा सडा टाकताहेत. मी ओरडले, तर म्हणाल्या, “झाला वं आराम. तीन दिवसाचा होता, मी एका दिवसात उरकला.”

मी लग्न होऊन अमरावतीहून या घरी आले तेव्हा घरात तीन माणसं होती. बाई, त्यांचे यजमान म्हणजे माझे मोठे दीर दादा, आणि जवळच्या मालेगावच्या शाळेत मास्तर असलेले माझे हे. दादांना शेतीखेरीज कशात रस नव्हता, आणि बोलण्यात तर मुळीच नव्हता. त्यांचा साऱ्या संसाराचा शब्दकोश ‘बरं’ या एका शब्दावर चालायचा. बाईंना मूलबाळ झालं नव्हतं. त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत. बहुधा तेवढं बोलायला थांबायला लागलं असतं. मला जुळी झाली, राजू आणि शोभा, आणि त्याच दिवसापासून माझ्याकडे फक्त पाजण्याचं काम उरलं. बाकी आंघोळ, टाळू भरणं, दृष्ट काढणं, रडणं, हसणं, सगळं बाईंकडे. राजू पायावर उभा राहिला त्या दिवसापासून सकाळी एका ठिकाणी ठेवला तर दुपारी तिथं सापडत नसे. शोभा जिथं बसवली तिथं संध्याकाळपर्यंत बसून राही. “एक वारा हाये अन् एक दगड,” बाई कौतुकानं सांगत. “वाऱ्याले धरा लागते अन् दगडाले उचला लागते. हातपाय कसे रिकामे राहतीन?”

जुळी अडीच वर्षांची असतानाची ही गोष्ट. त्या साली कापूस बरा आला होता आणि घरात कापडचोपड घ्यायचं होतं, म्हणून मी आणि बाई कारंज्याला गेलो. तिथल्या आमच्या नेहमीच्या कापडवाल्या जैन शेठजींच्या घरी बाईंचा घरोबा होता. शेठाणी नुकत्याच नेपाळला जाऊन आल्या होत्या. त्यांनी गुळगुळीत कागदावरचा बर्फाच्या डोंगराचा फोटो दाखवला, रुद्राक्षांची माळ दाखवली. बाई ‘हो का, हो का’ करत एकीकडे त्यांच्याच घरातल्या तांदळातले खडे वेचत होत्या. मग शेठाणी सहज म्हणाल्या, “बाई, तिकडं पंधरा दिवस आम्ही काहीच केलं नाही. नुसतं बसून राहिलो. चहासुद्धा कुणीतरी हातात आणून द्यायचं.”

बाईंचे हात थांबले. सुपातल्या तांदळात बोटं तशीच राहिली. बाईंचे हात थांबलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

“नुसतं बसून?”

“नुसतं बसून.”

“अन् ते फारिन हाये?”

“परदेशच की! पण आपल्याला पासपोर्ट-बिसपोर्ट लागत नाही. तिकीट काढायचं न् जायचं.”

परतीच्या गाडीत बाई एक अक्षर बोलल्या नाहीत. मला वाटलं गाडी लागली. गाव दिसायला लागलं तेव्हा माझ्या मांडीवर थाप मारून म्हणाल्या, “कमल, मे महिन्यात आपुन साऱ्यायनं फारिनाले जायचं. निवांत बसाले.” आणि गाडी पुरती थांबायच्या आत उतरल्या.

त्याच दिवशी जेवताना दादांना सांगण्यात आलं. दादा म्हणाले, “बरं.” मला वाटतं त्यांना ते कुठल्यातरी नवीन बियाण्याचं नाव वाटलं असावं. माझ्या ह्यांनी मात्र मास्तरकीला जागून शंका काढली. “वहिनी, एवढा लांबचा पल्ला. लेकरं लहान आहेत. त्यायले कमलच्या माहेरी ठेवून आपण चौघं जाऊ, म्हणजे आराम तरी होईल.”

बाईंनी हातातली पळी खाली ठेवली. “लेकरं घरी ठेवून आराम? मंग मी तिथं बसून करू काय? आराम कराले मांडीवर लेकरू लागते, भाऊजी. रिकाम्या मांडीनं बसते ते आराम नाही, ते वाट पाहणं हाये.”

आणि मग आमच्या घरात निवांतपणाची अशी काही तयारी सुरू झाली, की त्यापुढं पेरणीची धांदल म्हणजे दुपारची वामकुक्षी वाटावी.

बाई चौथीपर्यंत शिकलेल्या. त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराच्या मागच्या बाजूला खडूनं एक यादी लिहिली. तिचं नाव होतं ‘तिथं नाही करायची कामं’. सैपाक, भांडे, धुणं, पाणी भरणं, सारवण, दळण, निवडण. रोज एखादं नवीन काम आठवलं की त्या पिठाच्या हातानं धावत जाऊन लिहीत. आणि दुसरीकडे, तिथं स्वयंपाक करायचा नाही हे पक्कं असताना, रॉकेलचा स्टोव्ह, पोळपाट, लाटणं, दोन पातेली आणि खलबत्ता ट्रंकेत भरला गेला. मी म्हटलं, “बाई, हे कशाला?” तर म्हणाल्या, “असू दे. सामान जवळ असलं अन् तरी केलं नाही, तं त्याले आराम म्हणते. सामानच नसलं तं ती मजबुरी झाली.”

सगळ्यात मोठा प्रश्न शोभाच्या दुधाचा होता. ती आमच्या चांदी नावाच्या बकरीखेरीज दुसऱ्या कुणाचं दूध तोंडाला लावत नसे. बाईंनी यावर सरळ उपाय काढला आणि मालेगावच्या गाडीच्या कंडक्टरला गाठलं.

“बकरीले हाफ तिकीट लागते का फुल?”

“कुठपर्यंत न्यायची, बाई?”

“नेपाळपर्यंत.”

कंडक्टरनं तिकिटांची पेटी बंद केली. शेवटी ह्यांनी कारंज्याहून दुधाच्या पावडरचा डबा आणला आणि बाईंनी कामाचा आराखडा आखला. रोज एक घोट बकरीचं दूध कमी, एक घोट पावडरचं जास्त. शोभाचं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून दूध पाजताना बकरी समोर उभी करायची. अठरा दिवसांत शोभा बदलली, पण बकरी काही आटली नाही, आणि ते उरलेलं दूध दादांच्या नशिबी आलं. दादा जन्मभर चहाचे भोक्ते. पेला हातात घेऊन ते बकरीकडे, मग बाईंकडे पाहत, आणि “बरं” म्हणून डोळे मिटून पीत.

मग थंडीचा अभ्यास. फोटोत बर्फ पाहिल्यापासून बाईंच्या मनानं घेतलं होतं, की नेपाळात माणसं बर्फावरच खाट टाकून झोपतात. कारंज्याहून दोन जाडजूड स्वेटर आणि दोन माकडटोप्या आल्या. चैत्राचं ऊन चढायला लागलं, की ओल्या पोत्यानं गुंडाळलेल्या माठाशेजारी बाई दोघांना स्वेटर-टोपी घालून ‘सवय व्हावी म्हणून’ बसवायच्या. शोभा माकडटोपीतून शांतपणे जगाकडे पाहत बसे. राजू पहिल्या मिनिटाला टोपी काढून माठात बुडवी. शेजारच्या बायका दारातून विचारत, “काहून वं बाई, लेकरायले ताप आला काय?” “ताप नाही वं. फारिनाले चालले.” ही बातमी अशी पसरली, की वाटेनं जाणारा गुराखीसुद्धा थांबून माकडटोपीतली फारिनची पोरं पाहून जायचा.

प्रवासाची रंगीत तालीमही झाली. बाईंचं म्हणणं होतं, लेकरं गाडीत किती वेळ टिकतात ते आधी पाहायला हवं. म्हणून एका बाजाराच्या दिवशी आम्ही सहाही जण दोन ट्रंका, एक अंथरुणांचा होल्डॉल, सुरई आणि दशम्यांचा डबा घेऊन मालेगावला गाडी बदलून केनवडला गेलो. केनवडला आमचं काहीही काम नव्हतं. बाजाराच्या कडेला झाडाखाली सतरंजी अंथरून बाईंनी जाहीर केलं, “आता बसा निवांत. समजा का आपुन पोचलो.” आम्ही बसलो. येणारे-जाणारे आम्हाला कुठली तरी बदलून आलेली सरकारी मंडळी समजून रामराम करत होते. पाच मिनिटं झाली असतील-नसतील, राजू नाही. दादा एकीकडे, हे दुसरीकडे, मी तिसरीकडे धावले. बाईंनी अख्खा बाजार पालथा घातला आणि कासाराच्या रिकाम्या टोपलीत बसून, दोन्ही हातांत कोपरापर्यंत बांगड्या घातलेला राजू उचलून आणला. दुसऱ्या दिवशी बाजारातून घुंगरं आली. राजूच्या पायात मोठ्या आवाजाची, शोभाच्या पायात बारीक. “वासराले बांधते, तं लेकराले कायले नाही? गर्दीत आवाज आला का समजलं, कोण कुठं हाये.”

हे सगळं जोरात चाललं असतानाच ह्यांना नागपूरच्या एका शाळेतून नेमणुकीचं पत्र आलं. जूनपासून हजर व्हायचं होतं. चांगली नोकरी होती, नाकारण्याचं कारण नव्हतं. हे बाईंसमोर पत्र धरून उभे राहिले आणि शाळेतल्या चुकलेल्या मुलासारखे पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिले. बाईंनी विचारलं, “चौघंही जासान?” हे म्हणाले, “हो, वहिनी.” बाई म्हणाल्या, “जा ना मंग. मास्तरच्या पोरायनं शहरात शिकलं पायजे.” आणि दारामागं जाऊन त्यांनी यादीत आणखी काहीतरी लिहिलं. नंतर मी वाचलं. ‘लेकरं निजवणं’ असं लिहून मग ते पुसलं होतं, तरी अक्षरं दिसत होती. त्या दिवसापासून तयारीचा वेग दुप्पट झाला. आम्हाला वाटलं, उत्साह आहे.

निघालो तेव्हा अर्धं गाव थांब्यावर आलं होतं. बाईंनी नवं लुगडं नेसलं होतं आणि त्या गाडीच्या दोन तास आधी येऊन बसल्या होत्या. अकोल्याहून रेल्वे, भुसावळला एक गाडी बदल, पुढं आणखी दोन बदल. डब्यात बाईंनी दोन बाकांच्या मध्ये जुन्या लुगड्याची झोळी बांधली. गावी बैलबंडीला झोळी बांधून बांधून त्यांचा हात बसला होता. सुरुवातीला कुरकुरणारे प्रवासी संध्याकाळपर्यंत पाळीपाळीनं झोळीला झोका देऊ लागले. पाटण्याला स्टीमरमधून गंगा ओलांडली, तेव्हा दादांनी चार दिवसांतलं पहिलं नवीन वाक्य उच्चारलं. “एवढं पाणी आपल्याकडे असतं तं!” रक्सौलला उतरलो आणि टांगा केला. सरहद्दीवर एक छोटासा पूल होता. बाईंनी टांगेवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला, “थांब, बावा. फारिनात बसून नाही जायचं. चालत जायचं.” आम्हाला सगळ्यांना उतरवून एका ओळीत उभं केलं आणि उजवा पाय पुढं टाकायला लावला. राजूनं दोन्ही पायांनी उडी मारली आणि परदेशच्या भूमीवर पहिलं काम जे केलं, ते पाहून चौकीवरचा शिपाई हसून हसून भिंतीला टेकला. बाई म्हणाल्या, “झालं. लेकराची वळख झाली जागेशी.”

पलीकडचं गाव बीरगंज. तिथं एक रात्र धर्मशाळेत काढून सकाळच्या मोटारीनं डोंगर चढून काठमांडूला जायचं होतं. ऊन आमच्या गावाइतकंच रणरणत होतं. बर्फ नाही, डोंगर नाही, सपाट रान आणि धूळ. बाई स्वेटरांच्या ट्रंकेकडे बघून म्हणाल्या, “वर असन थंडी. आपुन अजून फारिनाच्या वट्यावर हाओत, घरात कुठं गेलो?”

सकाळी शोभाचं अंग तव्यासारखं तापलेलं. दुपारपर्यंत कानामागं लाल पुरळ. संध्याकाळी राजूही निपचित पडला, आणि राजू एका जागी पडला म्हटल्यावर कुणालाच निदान सांगायची गरज उरली नाही. डॉक्टर आले, म्हणाले, गोवर आहे. आठ-दहा दिवस मुलांना हलवू नका, डोंगरातली वाट तर नकोच.

मी रडायला लागले. ह्यांचा चेहरा उतरला. सुट्टी मोजकी होती. दहा दिवस इथं गेले म्हणजे काठमांडू संपलं. बाई होल्डॉलवर बसल्या होत्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत, खाली बघत. तेव्हा कोपऱ्यातून दादा बोलले. इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून एवढं कधी ऐकलं नव्हतं.

“तुमी तिघं जा वर. तुह्या मनात होतं, तू पाहून ये. मी बसतो लेकरांपाशी. मले जमते. गोऱ्ह्याले बरं केलं व्हतं मी.”

बाईंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या त्यातूनच हसल्या. “गोऱ्हा म्हणे! अहो, आपुन इथं आलो कायले? निवांत बसाले. डोंगर पाहाले थोडी आलो? मंग बसू ना. हे काय फारिन नाही? पूल ओलांडला ना आपुन?” असं म्हणून त्या उठल्या आणि अंगणात गेल्या. दुसऱ्याच क्षणी त्यांचा आनंदाचा आवाज आला, “कमल, पाय वं, फारिनातबी कडूनिंब हाये!” डहाळ्या तोडून त्यांनी मुलांच्या उशापायथ्याशी ठेवल्या, आणि आमची परदेशातली सुट्टी सुरू झाली.

धर्मशाळेच्या रखवालदाराची बायको ठेंगणी, गोरी, हसऱ्या डोळ्यांची होती. आजारी लेकरं पाहून तिनं आमचा सगळा भार आपल्यावर घेतला. बाईंनी स्टोव्ह बाहेर काढला, तर तिनं तो हातातून काढून पुन्हा ट्रंकेत ठेवला आणि आपल्या हिंदीत दटावलं, “दीदी, आप मेहमान हैं. बच्चों को देखिए.” पहिले दोन दिवस बाईंना ते जमेना. चहाचा पेला कुणी हातात दिला की त्या उठून उभ्या राहत, साहेब आल्यासारख्या. तिसऱ्या दिवशी त्या चोरून तिचे तांदूळ निवडताना सापडल्या, आणि दोघींचं कडाक्याचं भांडण झालं, एकीचं वऱ्हाडीत, दुसरीचं तिच्या बोलीत. भांडणानंतर दोघी पोट धरून हसल्या आणि मैत्रिणी झाल्या. चौथ्या दिवशी मात्र बाई बसल्या. ओसरीला टेकून, पाय लांब करून, एका मांडीवर राजू, एकीवर शोभा. उरलेले सगळे दिवस त्या तशा बसल्या. म्हैस हाक मारत नव्हती, चूल वाट पाहत नव्हती. दादा समोर बसून कडूनिंबाच्या डहाळीनं लेकरांना वारा घालत, आणि बाई दादांना आपल्या लहानपणच्या गोष्टी सांगत. लग्नानंतर पंचवीस वर्षांत सांगायच्या राहिलेल्या असाव्यात. दादा ‘बरं’ म्हणत, पण दर वेळी वेगळ्या सुरात.

एका दुपारी पुरळ मावळलेल्या शोभाच्या केसांवरून हात फिरवत बाई मला म्हणाल्या, “कमल, नागपूरले गेल्यावर हे कोणाच्या मांडीवर निजतीन वं?” त्याच पुढं म्हणाल्या, “निजतीन तुह्या मांडीवर. पण शोभाले पाठीवर थापटा लागते अन् राजूले कानाची पाळी धरू द्या लागते. ध्यानात ठेव.” मग त्या पुन्हा मुलांकडे पाहू लागल्या. नागपूरचं पत्र आल्यापासूनची ही धांदल, ही घाई कशासाठी चालली होती, ते मला त्या परक्या गावातल्या ओसरीवर उमगलं.

काठमांडू न पाहताच आम्ही परतलो. गावात महिनाभर बाईंचं फारिन गाजलं. कुणी विचारलं, “काठमांडू पाह्यलं काय?” तर म्हणायच्या, “तिथं लय गर्दी होती बावा. आमी निवांत जागा पाहून अलीकडंच थांबलो.” जूनमध्ये आम्ही नागपूरला गेलो. थांब्यावर बाई रडल्या नाहीत. खिडकीतून दशम्यांचा डबा देताना ड्रायव्हरवर मात्र जोरात ओरडल्या, की आज गाडी लवकर काहून आणली.

पुढं दर उन्हाळ्यात मुलं किन्हीराजाला जात. सात-आठ वर्षांची असतील, तेव्हाची गोष्ट. बाई अंगणात शेंगा फोडत होत्या आणि मुलांना त्यांचेच पराक्रम सांगत होत्या. तो पूल, तो हसणारा शिपाई, गंगेतला स्टीमर, ती ओसरी. राजूनं कपाळाला आठ्या घालून खूप आठवून पाहिलं. मग रडवेला होऊन म्हणाला, “बाई, मला यातलं काहीच आठवत नाही. शोभालाही नाही. मग आम्ही गेलो कशाला?”

बाईंनी सूप बाजूला सरकवलं. केवढा तो दांडगा मुलगा. त्याला ओढून मांडीवर घेतला. त्याचे पाय जमिनीला टेकत होते.

“तुमाले कायले आठवाले पायजे रे?” त्या म्हणाल्या. “मले आठवते ना.”

आणि बराच वेळ त्या तशाच बसून राहिल्या.